वणवा पाहायच्या दोन फुकट सेवा: वनस्पतीशास्त्राच्या बाईंचं परीक्षण

वणव्याची बातमी आली की एक नकाशा फिरायला लागतो. अख्खा खंड लाल ठिपक्यांनी भरलेला, आणि वर ‘पृथ्वी जळते आहे’ छापाची एक ओळ. हा नकाशा बहुतेक वेळा नासाच्या फर्म्स या, आग कुठे लागली आहे ते उपग्रहांवरून दाखवणाऱ्या सेवेवरून उचललेला असतो. सेवा फुकट आहे, चोख आहे, आणि ज्या कामासाठी ती उभी केली त्यात तिला तोड नाही. पण आग लागून गेल्यावर तिथल्या झाडांचं काय झालं, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. त्यासाठी उपग्रहांची चित्रं दाखवणारा युरोपचा कोपर्निकस ब्राउझर बरा, आणि तोही अर्धंच सांगतो. मी वर्षानुवर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर या दोन्हींचं जवळजवळ व्यसन लागलंय. तेव्हा आग विझवणाऱ्यांचं मत वेगळं असेल, नकाशे करणाऱ्यांचं आणखी वेगळं. हे झाडं ओळखणाऱ्या बाईचं मत आहे असं धरून वाचा.

फर्म्स उघडायला खातं लागत नाही. पान उघडलं की जगाचा नकाशा आणि त्यावर ताज्या आगी. २००७ मध्ये मेरीलँड विद्यापीठात नासाच्या पैशांवर हे काम सुरू झालं, पुढे नासाने ते आपल्याकडे घेतलं. माहिती मुख्यतः दोन प्रकारच्या उपकरणांकडून येते: टेरा आणि ॲक्वा उपग्रहांवरचं मोडिस, आणि सुओमी एनपीपी, नोआ-२०, नोआ-२१ यांच्यावरचं व्हिअर्स. उपग्रह डोक्यावरून गेला की साधारण तीन तासांच्या आत ठिपका नकाशावर हजर, तोही साऱ्या जगासाठी. मोडिसच्या नोंदी नोव्हेंबर २००० पासूनच्या उतरवून घेता येतात. आपल्याला हवा तो भाग आखून दिला तर तिथे आग दिसल्यावर ईमेल येतो. एवढं सगळं फुकटात मिळतं म्हटल्यावर नावं ठेवायला जीभ जरा जड होते.

ठिपक्यावर क्लिक केलं की एक छोटी खिडकी उघडते. अक्षांश-रेखांश, वेळ, कोणता उपग्रह, दिवस की रात्र, खात्री कितपत, आणि शेवटी ‘एफआरपी’ नावाचा आकडा, मेगावॉटमध्ये. बहुतेक लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या मते सगळ्या खिडकीत तोच सर्वांत कामाचा. आगीतून किरणांच्या रूपाने किती शक्ती बाहेर पडते आहे ते तो सांगतो, आणि दर सेकंदाला किती पाला, गवत, लाकूड जळतंय याच्याशी त्याचा सरळ संबंध आहे. सुकलं गवत भुरुभुरु जळून पुढे सरकलं तर ठिपक्यामागे आकडा लहान येतो. सूचिपर्णी जंगलात आग शेंड्यांवर चढली तर तो शेकड्यांत जाऊ शकतो. लाल रंग दोन्हीकडे तोच.

ही उपकरणं ज्वाळा मोजत नाहीत, उष्णता टिपतात. चार मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) पट्ट्यात आग इतकी झगझगीत असते की चौकटीचा, म्हणजे चित्रातल्या एका पिक्सेलचा, एखादा कोपरा पेटला तरी पूर्ण चौकट शेजारणींपेक्षा तापलेली वाटते. त्यामुळे लहान आगही सापडते, आणि त्यामुळेच ठिपका फसवतो. व्हिअर्सची चौकट ३७५ मीटरची, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. मोडिसची एक किलोमीटरची, म्हणजे १०० हेक्टर. ठिपका त्या चौकटीच्या मध्यावर पडतो. आग नेमकी तिथेच असेल असं काही नाही, आणि सगळी चौकट जळाली असं तर मुळीच नाही. हे त्यांनी स्वतः मदतीच्या पानांवर सविस्तर लिहून ठेवलं आहे. वाचतं कोण? ज्वालामुखी आणि तेलविहिरींवर जळणारा वायूही नकाशावर उमटतो, दाट ढगांखालची आग उमटत नाही, आणि दोन फेऱ्यांच्या मधे पेटून विझलेली आग तर उपग्रहाच्या खिजगणतीतही नसते.

नकाशा लहान करून अख्खं जग एका पडद्यावर आणलं की ठिपके मात्र लहान होत नाहीत. ते एकमेकांवर चढतात आणि आफ्रिकेचा मधला भाग नुसता लालेलाल दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या आगींवरून गदारोळ चालू होता, तेव्हा अनेकांनी याच नकाशाच्या आधारे ‘अंगोला आणि काँगोत तर ब्राझीलपेक्षा जास्त आगी आहेत’ असं दाखवून दिलं. आकडा बरोबर होता, तुलना बिनकामाची होती. पुढे जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचं एक त्रिमितीय चित्र सगळीकडे पसरलं. महिनाभराचे ठिपके एकत्र करून एका कलाकाराने ते बनवलं होतं, लोकांनी ते उपग्रहाने काढलेला फोटो म्हणून पुढे ढकललं. माझा भाचा नकाशांच्याच धंद्यात आहे. तो म्हणतो, “मावशी, यात सेवेचा काय दोष?” दोष नाहीच. पण परीक्षण लिहायचं तर वापरणारे कुठे घसरतात हेही लिहायला हवं ना.

तर त्या आफ्रिकेतल्या लाल पट्ट्याबद्दल. जगात दरवर्षी जेवढी जमीन जळते तिच्यातला निम्म्याहून बराच जास्त वाटा एकट्या आफ्रिकेचा, आणि त्यातला बहुतेक भाग सॅव्हानाचा, म्हणजे झाडं विखुरलेल्या गवताळ माळांचा. या गवतांचे वाढीचे कोंब मातीलगत किंवा मातीखाली असतात. वरचं पान वाळलेलं, जवळजवळ मेलेलंच असतं. ते जळून गेलं की कोंबांवर ऊन पडतं आणि पहिल्या पावसाला माळ पुन्हा हिरवा. तिथल्या झाडांनी जाड साल कमावली आहे. आग थांबवली तर उलट झुडपं माजतात आणि गवताचा माळ बंद होत जातो. ॲमेझॉनच्या दमट जंगलातल्या झाडांची साल बहुतांशी पातळ. गुडघ्याएवढ्या ज्वाळांची आग पाचोळ्यातून रांगत गेली तरी तिथे मोठमोठी झाडं पुढच्या काही वर्षांत मरतात. गंमत अशी की ही रांगती आग पानांच्या छताखाली झाकली जाते आणि फर्म्सला ती बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणजे जिथे आगीने फारसं बिघडत नाही तिथे ठिपक्यांचा सडा, आणि जिथे सगळं बिघडतं तिथे नकाशा स्वच्छ. इथेच ग्यानबाची मेख आहे.

कोपर्निकस ब्राउझरकडे मी या कारणासाठी वळले. सेवा इथेही फुकट. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं यात मिळतात: दहा मीटरची चौकट, आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एक फेरी. दहा मीटर म्हणजे एखाद्या मोठ्या झाडाच्या पानोळ्याची रुंदी. आग लागण्याआधीची तारीख आणि नंतरची तारीख निवडून दोन चित्रं एकमेकांवर सरकवून बघता येतात, आणि ही एक सोय माझ्यासाठी बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाची आहे. एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक तयारच असतो: निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि निकट-अवरक्त प्रकाश परत फेकतं, त्या फरकावर तो बेतलेला. जळिताची तीव्रता काढायला एनबीआर वापरतात, त्यात लाल पट्ट्याऐवजी लघुतरंग अवरक्त पट्टा घ्यायचा; सूत्र स्वतः टाकूनही काढता येतो. पहिल्या दिवशी पडद्यावरच्या बटणांच्या गर्दीने गांगरायला होतं. नंतर हात बसतो.

एक जागा उदाहरणादाखल सांगते, कारण तिथे सेवेची ताकद आणि मर्यादा दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची पश्चिम बाजू. १९८८ मध्ये उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगींच्या तडाख्यात सापडला आणि ‘यलोस्टोन संपलं’ अशी ओरड झाली. संपलं वगैरे काही नाही. तिथलं मुख्य झाड लॉजपोल पाइन. त्याच्या बऱ्याच झाडांवरचे शंकू राळेने घट्ट चिकटवलेले असतात, वर्षानुवर्षं उघडत नाहीत. हातात धरून बघितला तर शंकू लाकडाच्या गाठीसारखा टणक, खवले एकमेकांवर असे बसलेले की नखसुद्धा आत जात नाही. आगीच्या आचेने राळ वितळते, खवले सुटतात आणि थंड झालेल्या राखेवर बी पडतं. आई मेलेली, डोक्यावरची सावली गेलेली, भरपूर ऊन. काही ठिकाणी हेक्टरी लाखाच्या वर रोपं उगवली.

मग ऑगस्ट २०१६ मध्ये याच बाजूला ‘मेपल फायर’ नावाची आग लागली आणि १९८८ नंतर उगवलेलं जंगल पुन्हा जळालं. झाडं जेमतेम २८ वर्षांची. या वयात झाडावर बंद शंकूंचा साठा पुरेसा झालेला नसतो, आणि जुन्या आगीत पडलेली खोडं जमिनीवर सुकून तयारच होती, तीही पेटली. संशोधकांनी नंतर रोपं मोजली तेव्हा ती आधीच्या आगीनंतरच्या मानाने कितीतरी विरळ निघाली. आता ब्राउझरवर जुलै २०१६ आणि सप्टेंबर २०१६ शेजारी ठेवा: जळिताची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. मग एकेक वर्ष पुढे जा. डाग फिकट होत जातो, कारण गवत आणि रानफुलांची पैदास सुरू होते आणि एनडीव्हीआय वर चढतो. एनडीव्हीआयला हिरवं ते हिरवं. गवताचं हिरवं, पाइनच्या रोपाचं हिरवं, यात तो भेद करत नाही. ‘जंगल सावरलं’ असं त्या आलेखावरून म्हणणाऱ्याला मी नापास करेन.

१९८८ ची आग मात्र इथल्या सेंटिनेलवर शोधू नका, त्याची चित्रं २०१५ पासूनचीच आहेत. झाडाच्या आयुष्यापुढे हा काळ म्हणजे काहीच नाही. जुन्या काळासाठी अमेरिकेच्या लँडसॅटकडे जावं लागतं. ती मालिका १९७२ पासूनची आहे आणि २००८ पासून सर्वांना फुकट.

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या आगींनंतर हाच हिरवेपणाचा घोळ आणखी मजेदार रूपात दिसतो. बहुतेक निलगिरींच्या सालीत खोलवर सुप्त कळ्या असतात. पानोळा जळाला की त्या जाग्या होतात आणि काही आठवड्यांत काळ्या खोडाला तळापासून वरपर्यंत हिरवी लव फुटते. फोटोत ते झाड हिरवा स्वेटर घातल्यासारखं दिसतं. पण माउंटन ॲश आणि अल्पाइन ॲश याही निलगिरीच, आणि त्यांना ही युक्ती फारशी जमत नाही. शेंडा होरपळला की झाड मेलं. बी पडतं, नवी पिढी उगवते, आणि तिला स्वतःचं पुरेसं बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर ना आई ना बाळ. व्हिक्टोरिया राज्यात अशा जागी हेलिकॉप्टरमधून बी पेरावं लागलं आहे. वर्षभरानंतरच्या एनडीव्हीआयच्या चित्रात मात्र फुटवा आलेलं जंगल आणि मेलेल्या ॲशखाली माजलेली झुडपं, दोन्ही सारखीच प्रसन्न हिरवी. कोणत्या उतारावर कोणती निलगिरी आहे हे माहीत नसेल तर चित्र बघून काही उपयोग नाही.

कोपर्निकसच्या बाजूने बोलायचं तर एका ठिकाणी त्याने मला खरंच खूश केलं. अमेरिकेच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात सेजब्रश नावाचं करडं झुडूप आहे. मोठं सेजब्रश आगीनंतर बुंध्यातून फुटत नाही, मरतंच. त्याच्या जागी चीटग्रास हे बाहेरून आलेलं वर्षायू गवत घुसतं. ते वसंतात सगळ्यांच्या आधी हिरवं होतं, उन्हाळ्याच्या तोंडाला वाळून काडी होतं आणि पुढच्या आगीचं सरपण बनून पडून राहतं. दोन आगींमधलं अंतर दशकांवरून काही वर्षांवर येतं, आणि सेजब्रशला परतायला सवडच मिळत नाही. ब्राउझरमध्ये एखादा तुकडा आखून वर्षभराचा एनडीव्हीआयचा आलेख काढता येतो. जिथे चीटग्रास माजलं आहे तिथे वसंतात टोकदार सुळका आणि लगेच कडेलोट. जिथे सेजब्रश शाबूत आहे तिथे बुटका, लांबट उंचवटा. नुसत्या एका तारखेच्या चित्रात जे लपतं ते वेळेच्या रेषेवर उघडं पडतं. वर्गात शिकवत होते तेव्हा हे हाताशी असतं तर काय बहार आली असती.

आता दुष्काळ. इथे दोन्ही सेवा कमी पडतात, आणि त्याला कारण झाडाचा स्वभाव आहे. पाणी कमी पडलं की झाड पहिलं काम करतं ते पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेण्याचं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडचीही वाट बंद होते, म्हणजे अन्न तयार होणं थांबतं. पान मात्र तसंच हिरवं. काही झाडं रंध्रं उघडीच ठेवतात आणि जोखीम पत्करतात. जलवाहिन्यांवरचा ताण फार वाढला तर पाण्याची सलग रेघ तुटते, हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी कायमची बाद होऊ शकते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात २००२ च्या आसपासच्या अवर्षणात पिन्यन पाइन आणि जुनिपर शेजारी शेजारी उभे होते. लवकर दारं लावून घेणारा पिन्यन साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या तावडीत सापडून मोठ्या प्रमाणावर मेला. दारं उघडी ठेवणारा जुनिपर चिवट जलवाहिन्यांच्या जोरावर बराचसा टिकला. या सगळ्यातलं उपग्रहाला सुरुवातीला काय दिसतं? हिरवी झाडं.

कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ या दुष्काळात आणि त्यामागोमाग मिळून १२.९ कोटी झाडं मेल्याचा वनखात्याचा अंदाज आहे. तो आकडा मुख्यतः विमानात बसून खाली बघत नोंदी करणाऱ्या माणसांच्या पाहणीतून आला, हे मला फार आवडतं. तहानलेल्या पाँडेरोसा पाइनमध्ये राळेचा दाब उरत नाही, मग भुंगेरा भोक पाडतो तेव्हा त्याला बाहेर ढकलायला काही नसतं. झाड मेल्यावरही सुया काही काळ हिरव्या राहतात, मग फिकट, मग विटकरी, मग नुसता करडा सांगाडा. ब्राउझरमधला ओलाव्याचा निर्देशांक, जो पानांतलं पाणी लघुतरंग अवरक्तातून जोखतो, तो एनडीव्हीआयच्या आधी घसरू शकतो. तेव्हा दुष्काळ बघायचा असेल तर एनडीव्हीआय सोडा आणि हा लावा. चौकट २० मीटरची आहे, पण चालतं. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या दक्षिण भागात २०१५ च्या उत्तरार्धापासून पुढे बघत गेलात तर डोंगरउतार विटकरी होत जाताना दिसतात. याच मेलेल्या जंगलाच्या पट्ट्यात सप्टेंबर २०२० मध्ये ‘क्रीक फायर’ नावाची आग भडकली, आणि तिथे मग फर्म्स पुन्हा तिच्या खऱ्या रूपात कामाला येते.

उलटी फसगतही होते. कॅलिफोर्निया बकाय हे छोटं झाड भर उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं होतं. दरवर्षीचंच त्याचं ते. निर्देशांक मेल्याचा निर्वाळा देतात आणि हिवाळा सरता सरता पठ्ठ्या पुन्हा पालवतो.

मला दोन्ही सेवांत जे हवं आहे आणि मिळत नाही ते म्हणजे पानाचं तापमान, झाडाच्या पातळीवर. रंध्रं मिटली की बाष्प उडणं थांबतं आणि पान तापतं, रंग बदलण्याच्या कितीतरी आधी. अंतराळ स्थानकावर २०१८ पासून इकोस्ट्रेस नावाचं उपकरण हे मोजतं, चौकट सुमारे ७० मीटरची. पण त्याची माहिती हाताळणं हौशी माणसाच्या आवाक्यातलं वाटत नाही.

गुण द्यायचेच तर फर्म्सला दहापैकी आठ, आग कुठे आहे एवढंच विचारलं तर दहा. कोपर्निकस ब्राउझरला साडेआठ. पत्रकारांनी फर्म्सचा नकाशा छापण्याआधी एकदा तरी ठिपक्यावर क्लिक करून एफआरपी बघावा आणि खाली कोणती वनस्पती आहे ते शोधावं, एवढी माझी मागणी आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने यलोस्टोनच्या पश्चिम कडेपासून करावी, ‘फॉल्स कलर’ (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश रंगात दाखवणारी मांडणी) लावून, उन्हाळ्यातल्याच तारखा निवडून; हिवाळ्यात तिथे फक्त बर्फ आहे. ढगांची मर्यादा मात्र आधी वीस टक्क्यांवर आणून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ पांढरा पडदा बघण्यात जातो.